सणाआधीची कापणी

कुरणात कापणीला उभं राहायचं तर माझ्या नवऱ्याच्या शेजारी कोणी जागा घेत नाही. एवारिस्त डावखुरा. लांब दांड्याचा विळा फिरवला की बाकीच्यांचं गवत डाव्या हाताला पडतं, ह्याचं उजव्या. "ह्याला टोकाला टाका, न्हाईतर आपल्या नडग्या जातील," असं शेजारचा तेओफील दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी तितकाच हसतो.

तळ्यामागचं ते ओलं कुरण साऱ्या गावाचं. जुलैअखेर संत आनाच्या सणाला सकाळी पाद्रीबाबा हॅटमधून चिठ्ठ्या काढतात, ज्याचा जो तुकडा निघेल तो त्यानं कापायचा. त्याआधी कुरणात विळा घालायचा नाही. घातला तर त्याची चिठ्ठी हॅटमधून कायमची गेली. माझ्या आयुष्यात असं कोणाचं झालेलं मी पाहिलं नव्हतं. समुद्रावरून आठवडा आठवडा धुकं येतं, गवत कुजायला लागतं, तरी माणसं सणापर्यंत दात खात बसतात.

दोन वर्षांपूर्वी क्रॅनबेरीची आंबट लाल बोरं पिकवणारी कंपनी आली. त्यांना हेच कुरण हवं होतं, बांध घालून, सपाट करून, पाणी भरायला. पंचायतीतले निम्मे लोक लगेच पाघळले. माझी थोरली नणंद झेली मात्र अडून बसली. ती विधवा, दावणीला सहा गायी, आणि त्या कुरणाशिवाय तिला दुसरं गवत नाही.

"बोरं काय माझ्या गायी खातील व्हय?" ती म्हणायची.

मागच्या शरदात हॅलिफॅक्स शहरातून एक बाई आली, झाडपाल्याची नोंद करणारी. खालच्या तुकड्यात लव्हाळ्याची मोठमोठी रिंगणं आहेत, त्यापुढं ती गुडघ्यावरच बसली. म्हणाली, हा जर तो दुर्मिळ लव्हाळा असेल तर धोक्यातल्या जातींत त्याची गणना होईल आणि मग इथं कोणाला बांध घालता येणार नाही. पण नुसत्या पात्यावरून खात्री देता येत नाही, तुरा पाहिजे. आणि हा फुलतो तो बहुतेक जाळ लागल्यानंतरच.

तेवढं ऐकून झेलीनं वसंतात खालचा तुकडा पेटवला. ओली पोती घेऊन आम्हीच कडेनं उभे होतो, मी आणि एवारिस्त.

जुलै उजाडला आणि एका दुपारी ती चिखलाच्या बुटांनिशी सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. किसलेल्या बटाट्याचा, कोंबडी घातलेला रापुर नुकताच भट्टीतून काढला होता. तिनं टेबलावर एक दांडी ठेवली. वर तांबूस तुरा खाली झुकलेला, बुडाशी काळं चिकट काहीतरी, बोटाला लागलं की निघत नाही असं.

"फुललाय," ती म्हणाली. "सगळं रिंगण फुललंय, ओदील. मी तर रडलेच बग तिथं."

"बाई कवा येणार?" एवारिस्तनं विचारलं.

"बुधवारी."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं बहिणीच्या ताटात आणखी एक मोठा तुकडा वाढला. तिला कोंबडीची बाजू आवडते, तीच काढून दिली.

मंगळवारी पहाटे तो तळ्यातले वाम माशांचे पिंजरे बघायला म्हणून गेला. आला तेव्हा एकही मासा नव्हता आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी ती चुलीपाशी वाळत घातली.

बुधवारी बाई आली. झेली, आम्ही दोघं आणि तेओफीलसकट गावातली चार माणसं तिच्याबरोबर कुरणाकडे निघालो. वाटेत एवारिस्तनं माझा दंड धरला.

"आता काय बी दिसलं तरी त्वांड उघडू नगंस. कंपनी लेऑन्सला कुरणात पानी भरायच्या पंपावर घेनार हाय. पोरगं हिवाळ्याआधी घरी येतंय."

लेऑन्स आमचा एकुलता एक. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आल्बर्टात तेलाच्या खाणीवर. सहा वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

खालचा तुकडा भुईसपाट झाला होता. रिंगणांच्या जागी खुंट, आणि कापलेल्या लव्हाळ्याची ओळ लांबच लांब, उजव्या बाजूला पडलेली. झेली ते बघत राहिली. मग तिनं भावाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

बाईनं ओळीतले तुरे उचलले, भिंगातून पाहिले. "तोच आहे," ती म्हणाली. "पण हे इथंच उभे होते कशावरून? कंपनीचा माणूस म्हणेल, दुसरीकडून आणून टाकले, आणि झेलीबाईंचा शब्द तर तो मानणारच नाही. कोणी कापलं, ते सांगणारं माणूस हवं."

"सांगा की," झेली लोकांकडे वळली. "तेओफील, ही वळ कुन्या बाजूला पडलीया?"

"धुकं व्हतं बाई," तेओफील बुटाकडे बघत म्हणाला. "गवत काय, कुठं बी पडतं."

तीस वर्षं एकाच विनोदावर हसणारा माणूस. मला त्याची शिसारी आली.

"एवारिस्त, तू सांग मग."

"मी पिंजऱ्यांकडं व्हतो. ओदीलला इचार, तिला ठावं हाय."

त्यानं ते माझ्यावर ढकललं. खोटं त्याचं, आणि ते मी माझ्या तोंडानं त्याच्या बहिणीला सांगायचं. लेऑन्स डोळ्यांपुढून हलत नव्हता. दारात उभा, पाठीवर पिशवी. तरी मी बोलले.

"माझ्या नवऱ्यानं कापलं, बाई. काल पहाटं. ही डावखुऱ्याची कापनी हाय, आन् गावात डावखुरा येकच."

बाईनं लिहून घेतलं. पुढं यथावकाश लव्हाळा धोक्यातल्या जातींत गेला, कंपनीनं दुसरीकडे जागा पाहिली. सणाच्या सकाळी पाद्रीबाबांनी आमची चिठ्ठी हॅटमधून काढून खिशात घातली. आमच्या गायींना आता विकतचं गवत. झेली भेटली की मान हलवते, पण भावासमोर, माझ्या टेबलाशी, ती पुन्हा जेवायला बसली नाही.

मी कुरणात बोलले, त्याच आठवड्याच्या रविवारी लेऑन्सचा फोन आला होता. मी रडत रडत त्याची माफी मागितली, तुझं काम माझ्यामुळं गेलं म्हणाले.

"कुठलं काम, आई? बा नं थंडीतच इचारलं व्हतं. मी तवाच न्हाई म्हटलं. आमी इथं घर घेतलंय."

मी फोन ठेवला. एवारिस्त दाराशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तुला थंडीपास्नं ठावं व्हतं, पोरगं येनार न्हाई," मी म्हणाले.

"व्हय. पर इथं पंप बसला असता, तर कवातरी आला असता."

"मग त्या दिवशी मला कशाला सांगितलंस, येतोय म्हनून?"

"तू गप बसावंस म्हनून," तो म्हणाला.