काचेबाहेरची कड

साडूचं कौतुक ऐकायला लागलं की सासुरवाडीचं जेवण गोड लागत नाही. प्रेमराजचं तसंच झालं होतं. जळगावात मेहरूणला त्याचा चांगला चालता फोटो स्टुडिओ, सासरच्या प्रत्येक लग्नाचे फोटो त्याने काढलेले. आणि धुळ्याला सासऱ्यांच्या बैठकीत लागला होता तो धाकट्या साडूने, नवलने केलेला निळा फोटो! नवल साधा शाळेतला कारकून. प्लायवूडच्या तुकड्यावर रसायन फासलेला कागद ठेवायचा, त्यावर निगेटिव्ह, वर मोडक्या खिडकीची काच, कडेला चिमटे. उन्हात तापवून पाण्यात धुतलं की झालं. सासरे रुपचंदआबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सगळ्या फोटोंत उजवा म्हणून दाखवायचे. "बठ्ठा फोटूस्मा हाऊच झकास शे!"

प्रेमराजच्या पोटात दुखायचं. शेवटी त्यानेही तसा फोटो छापायला चौकट केली. सागाच्या फळ्या, जुन्या पेटीच्या बिजागऱ्या, आणि भंगारातून आणलेली पतपेढीच्या काउंटरची काच. दोन काचा चिकटवलेली, चांगली जाड. रसायनाची बाटली तेवढी नवलने पाठवली. पण फोटो काही उठेना.

"भाऊ, काच बदला," नवल फोनवर म्हणाला. "तिच्यातून उजेड येतो, पण कागदाला लागणारं ऊन येत नाही. साधी खिडकीची लावा."

वा रे शहाणा! आपल्याला पाणी घातलेलं रसायन द्यायचं आणि वर काचेला नावं ठेवायची? प्रेमराजची खात्रीच पटली. आता आबांसमोरच याचं पितळ उघडं पाडायचं.

रविवारी तो चौकट आणि बाटली घेऊन धुळ्याला गेला. आबांना गच्चीवर बसवलं, सगळ्यांना बोलावलं. नवलच्याच हाताने त्याच बाटलीतलं रसायन कागदाला लावून घेतलं, तो आतल्या खोलीत वाळवला, त्यावर आबांच्या फोटोची निगेटिव्ह ठेवली आणि चौकट उन्हात ठेवली. बराच वेळ गेला. कागद बादलीत बुडवला आणि आबांचा चेहरा पाण्याबरोबर वाहून गेला.

"बघा आबा," प्रेमराज म्हणणार, तेवढ्यात त्याला कागदाची कड दिसली. काचेबाहेर राहिलेली ती बोटभर पट्टी गडद निळी झाली होती. रसायन अस्सल होतं. पाप काचेचं होतं.

नवलनेही ते पाहिलं. त्याने कागद उचलला, कड आत दुमडली आणि म्हणाला, "आबा, चूक माझी. बाटली जुनी झाली होती, मी तशीच भाऊंना दिली."

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मोठा जवाईले खराब माल दिधा? हाई बरं नही, नवलराव."

नवलने मान खाली घातली. एक शब्द पुरला असता. प्रेमराजच्या तोंडापर्यंत तो आलाही. पण छातीत कसं गार वाटत होतं, कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं.

"जाऊ द्या आबा," तो मोठ्या मनाने म्हणाला, "नवीन माणूस आहे. शिकेल हळूहळू."