वरच्या मजल्यावरचे पाच भाडेकरू

सुलभाताई गेल्या हे त्यांच्या वाचकांना एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कळले, आणि ती बातमी माझ्याच तोंडून गेली. मित्रांनो, मी त्यांचा लॅपटॉप. वय वर्षे अकरा. माझ्या जातीत हे वय पणजोबांचे समजतात.

त्या दिवशी त्यांचे यजमान नंदकिशोरराव गॅसच्या नोंदणीचा पासवर्ड शोधायला माझ्याकडे आले. त्यांनी मला उघडले, तर समोर गोष्टींचे एक संकेतस्थळ आणि त्यावर दोनशे चौदा निरोप. 'ताई, पुढचा भाग कधी?' 'ताई, दोयुलला बस स्टॉपवर आणखी किती दिवस बसवणार?' 'ताई, तब्येत बरी आहे ना?' नंदकिशोररावांना वाटले, कुणाचे तरी टपाल चुकून आपल्याकडे आले आहे. मग त्यांना गोष्टीवर सुलभाताईंचे नाव दिसले.

मग चष्मा पुसून त्यांनी एका बोटाने टाइप केले: 'कळविण्यास दुःख होते की, सौ. सुलभा यांचे दिनांक ९ रोजी अल्प आजाराने निधन झाले. तरी कृपया नोंद घ्यावी.' खाली स्वतःचे नाव आणि बंगळूरमधल्या हेब्बाळच्या घराचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह. सरकारी कारखान्यात चौतीस वर्षे पत्रे लिहिलेल्या माणसाला पत्त्याशिवाय पत्र संपवता येत नाही.

आता माझे मागचे सांगतो. माझा जन्म कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात झाला. तिथले फार आठवत नाही. एक पांढरा दिवा आणि हातमोजे घातलेली बोटे, एवढेच. सुलभाताईंची मुलगी शलाका इंजिनिअरिंगला गेली तेव्हा मी या घरात आलो. चार वर्षे मी तिचा अभ्यास सांभाळला आणि तिची गाणीही. ती 'उसान' नावाच्या कोरियन बँडची गाणी ऐकायची. उसान म्हणजे त्यांच्या भाषेत छत्री. बँडमध्ये पाच मुले. त्या मुलांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टीही ती वाचायची. अशा गोष्टी जगभर लिहिल्या जातात, मित्रांनो. मुले खरी, बँड खरा आणि गोष्ट आपल्या मनची.

पुढे शलाकाला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली. ऑफिसने तिला नवा, पातळ लॅपटॉप दिला. हेब्बाळहून जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो म्हणून तिने तिकडेच भाड्याने घर घेतले. मी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून कपाटावर गेलो. तिथे दीड वर्ष काढले. शेजारी होळीची पिचकारी आणि फुटकी बादली होती. बोलायला कुणीच नाही.

मला खाली काढले ते सुलभाताईंनी. मुलीचे फोन आखूड होत चालले होते. 'जेवलीस का' आणि 'हो' यापुढे बोलणे जात नव्हते. म्हणून तिला काय आवडते ते पाहायला त्या बसल्या. सगळी गाणी ऐकली. सगळ्या गोष्टी वाचल्या. आणि मग फोन लावला.

"शलाका, या गोष्टींत पोरं नुसती प्रेमात पडतात नाहीतर रडतात. यांना कुणी जेवायला का घालत नाही?"

"आई, ते फॅन फिक्शन आहे. त्यात कुणी जेवत नाही."

"मग मी लिहिते."

त्यांनी खरेच लिहिले. कार्यक्रम करून दमलेली ती पाच मुले कुणाला न सांगता बंगळूरला येतात आणि हेब्बाळला एका घराचा वरचा मजला वर्षभरासाठी भाड्याने घेतात. थोरला सांगजे पोळ्या शिकतो; पहिल्या चाळीस पोळ्यांचे आकार सुलभाताईंनी एकेक करून वर्णन केले आहेत. सर्वांत धाकट्या दोयुलला तळ्याकाठचा शहाळेवाला ओळखू लागतो. तो मोठा गायक म्हणून नव्हे, तर रोज 'स्वल्प मलई' मागतो म्हणून. खालचा घरमालक सकाळी गच्चीवर जाऊन काठीने टाकीतले पाणी मोजतो, भिंतीवर खडूने लिहितो आणि मुलांशी चार शब्दही बोलत नाही.

प्रत्येक भागाच्या वर सुलभाताई तीन ओळी लिहीत. 'ही मुले खरी आहेत. ही गोष्ट खोटी आहे. त्यांच्या घरच्यांना वाचून वाईट वाटेल असे यात काही नाही.' या ओळी त्या दर वेळी नव्याने टाइप करत. आधीच्या भागातून उचलून कधी चिकटवल्या नाहीत.

माझी एक चूक कबूल करतो. मला मराठी येत नव्हती. त्यांच्या प्रत्येक शब्दाखाली मी लाल रेघ मारत असे. पाच वर्षे त्या माझ्या लाल रेघांवरून चालत राहिल्या, पण रागावल्या नाहीत. माझी बिजागरी तुटली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीशी लोणच्याची बरणी ठेवली आणि काम चालू ठेवले. सुरुवातीला अकरा वाचक होते, पुढे नऊशे झाले. पण माझ्या लेखी खरी कमाई वेगळीच होती. शलाका दर रविवारी फोन करून तासभर भांडायची. सांगजे असे वागणारच नाही, म्हणायची. सुलभाताई हसत हसत तिचे ऐकून घेत.

एकतिसाव्या भागात दोयुलचे सांगजेशी भांडण झाले. तो पिशवी घेऊन हेब्बाळच्या बस स्टॉपवर जाऊन बसला. भाग तिथे संपला, आणि दुसऱ्याच आठवड्यात सुलभाताईंना दवाखान्यात न्यावे लागले.

वाचकांचे निरोप थांबेनात. दुःख कळवून झाल्यावर एकेकजण विचारी, 'काका, दोयुलला घरी आणाल का?' नंदकिशोररावांना काम अर्धवट राहिलेले सोसत नाही. कारखान्यात ते तपासनीस होते. त्यांनी चार दिवसांत एकतीस भाग वाचले, वही आणि पेन्सिल घेऊन, प्रत्येक भागापुढे शेरा मारत. एक शेरा असा होता: 'घरमालक. तुसडा. काम काही नाही. पात्र कमी करता येईल.'

मग त्यांनी बत्तिसावा भाग लिहिला. तपशील पक्का असावा म्हणून खऱ्या दोयुलच्या बातम्या शोधल्या. खऱ्या दोयुलचे वडील आजारी होते. नंदकिशोररावांनी आजाराच्या नावासकट ते गोष्टीत घातले. मुलगा त्या काळजीने घर सोडून गेला, पोलिसांनी चार वाजून दहा मिनिटांनी त्याला परत आणले, प्रकरण निकाली निघाले. भाग शुक्रवारी गेला. रविवारी दाराची घंटा वाजली. शलाका सुट्टीला घरीच होती, तिने दार उघडले.

दारात साठीच्या एक बाई होत्या; त्यांनी आतल्या नंदकिशोररावांकडे पाहिले. "नंदकिशोर अण्णा म्हणजे तुम्हीच काय?"

"हो. आपण?"

"मी छत्रीअक्का. तिथं साइटवर तेच नाव माझं. खरं नाव सावित्रीबाई, चिकपेटेत साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक साड्या उलगडून बसायचं आणि मी काउंटरखाली सुलभक्काचा भाग वाचायची." त्या खुर्चीत टेकल्या. "स्वल्प पाणी द्या. हेब्बाळ फार लांब केलंय तुम्ही."

"हेब्बाळ मी केलं नाही."

"सरी, असू दे. बत्तिसावा भाग तर तुम्हीच केलात ना?"

"केला. काही त्रुटी आहे का? मी सगळं तपासून घेतलंय."

"तीच त्रुटी. त्या पोराचा बाप खरंच आजारी आहे. ते आपल्या गोष्टीत कशाला आणलं? उद्या त्याच्या आईनं वाचलं तर?"

"ती मराठी कशाला वाचेल?"

"आता मशीन वाचून देतं सगळं. आणि नाही वाचलं, तरी? सुलभक्का वरती काय लिहायची, ते बघितलं नाही?"

नंदकिशोररावांनी ते बघितले होते. त्यापुढे बरोबरची खूणही केली होती. कार्यालयीन कागदाच्या वर छापलेला मजकूर असतो, तसे ते त्यांना वाटले होते.

"बाबा, आईनं पाच वर्षं पाळलं ते," शलाका म्हणाली.

नंदकिशोररावांचे कान लाल झाले. ते उठले आणि तो भाग त्यांनी तिथल्या तिथे काढून टाकला. इतक्या आनंदाने मी कुठल्याच बटणाचे ऐकले नव्हते.

"पण मग दोयुल घरी येणार कसा?" त्यांनी विचारले. "काही कारण तर हवं."

"कारण नको, अण्णा. माणूस पाठवा."

"कोण पाठवू? सांगजेशी भांडण आहे. बाकीचे तिघे बाहेरगावी आहेत. घरात उरला तो मालक, आणि तो कुणाशी बोलत नाही."

सावित्रीबाईंचे लक्ष दाराआडच्या काठीकडे गेले. तिच्यावर इंचांच्या खुणा होत्या. "ही काठी कसली?"

"टाकीतलं पाणी मोजायची."

"आणि खडूनं भिंतीवर लिहिता."

"तुम्हाला कसं माहीत?"

आधी शलाका हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. "बाबा, तुम्ही एकतीस भाग खरंच वाचलेत ना?"

नंदकिशोररावांनी वही उघडून आपला शेरा वाचला. "तुसडा म्हटलंय तिनं मला."

"तुसडा तुम्ही म्हटलंय," सावित्रीबाई म्हणाल्या. "तिनं नववा भाग लिहिलाय. पाणी येत नाही त्या दिवशी मालक आपली भरलेली बादली गुपचूप वर ठेवून येतो. कुणाला सांगत नाही."

चार उन्हाळ्यांपूर्वी वरच्या खऱ्या भाडेकरूंसाठी नंदकिशोररावांनी तेच केले होते. "हे तिला माहीत होतं?" ते म्हणाले. त्यांनी रबर घेऊन शेरा खोडला.

आता रोज सकाळी टाकी मोजून झाली की ते माझ्यासमोर बसतात. आधी त्या तीन ओळी स्वतः टाइप करतात. शलाकाने माझी बिजागरी दुरुस्त करून आणली आहे आणि मला मराठी शिकवली आहे, त्यामुळे लाल रेघा कमी झाल्या आहेत. सावित्रीबाई दुकानातून फोन करून विचारतात, 'झालं का, अण्णा?' आणि हे म्हणतात, 'काम प्रगतिपथावर आहे.'

मित्रांनो, तुम्हीही आवडत्या गायकांवर गोष्टी लिहाल. जरूर लिहा. पण ती खरी माणसे आहेत, त्यांना घरी आलेल्या पाहुण्यासारखे जपा. जुनी वस्तू कपाटावर टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि घरात कुणी काही लिहीत असेल, तर आजच वाचायला मागा. नंदकिशोररावांनी मागितले नव्हते.

नवा बत्तिसावा भाग नऊ ओळींचा झाला आहे. मालक बस स्टॉपवर पोहोचला आहे आणि दोयुलच्या शेजारी बसला आहे. तो त्याला काय म्हणतो, ते लिहायचे राहिले आहे.