सालींची पंचमी

"गंगम्मा, ही घाण आजच्या आज उचल, न्हायतर म्या सरपंचाला आणून हितं उभं करते!"

प्रेमाबाई कुंपणापलीकडून ओरडत होती. तिचं तरी काय चुकलं? मुरुम गावच्या रस्त्यावरच्या कारखान्यानं डाळिंबाचा रस काढून घेतला आणि ट्रॉलीभर साली गंगम्माच्या अंगणात आणून ओतल्या. ओल्या, आंबूस, माश्यांनी भरलेल्या. आणि प्रेमाबाईचं नाक म्हणजे, शेजारी फोडणी करपली तर हिला आधी कळायचं.

"उचलते की बाई. उद्याच्याला वास ऱ्हायला तर मला बोल," म्हणत गंगम्मा पोती पसरायला लागली.

नवरा गेल्यापासून दोन एकर कोरडवाहू आणि ह्या साली, एवढ्यावर तिचं चाललं होतं. सालीच्या आतला पांढरा पापुद्रा नखानं खरवडायचा. साली पोत्यावर पडवीच्या सावलीत वाळवायच्या. कडक झाल्या की दगडी उखळात कुटायच्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायच्या. सोलापूरचा एक रंगारी ती भुकटी सुताला रंग द्यायला न्यायचा. तुरटीच्या पाण्यात तिचा पिवळा असा चढायचा की पाहत राहावं. गंगम्माची आई वाकळेच्या चिंध्या अशाच रंगवायची. तिच्याकडूनच हे हातात आलेलं.

ह्या साली तिला मिळवून दिल्या त्या धाकट्या भावानं. महांतप्पा त्याच कारखान्यात मुकादम होता. "घिऊन जा अक्का, न्हायतर पुरायला आमालाच खड्डं खणावं लागतंय," असं तो म्हणाला होता, आणि गंगम्मा गावभर भावाचे गोडवे गात फिरली होती.

नागपंचमीला तर महांतप्पा स्वतः मोटारसायकल घेऊन तिला न्यायला आला. सात वर्षांत पहिल्यांदा. एरवी तो फोनवर 'ये की गं अक्का' म्हणायचा, म्हणजे आली नाहीस तरी चालेल. गंगम्माच्या डोळ्यांत पाणीच आलं. आदल्या दिवशी तिनं भावाचा उपास धरला होताच. हिरव्या बांगड्या भरून, प्रेमाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात "येते गं, भाऊ न्यायला आलाय" म्हणत ती निघाली.

माहेरी लिंबाला झोका बांधलेला होता. पण वाड्याच्या मागच्या अंगणात तिला नेलं तिथं सालींचे ढीग होते, आणि भावाची सून राजेश्वरी दोन बायांना घेऊन बसलेली. साली सगळ्या काळ्याठिक्कर.

"आत्याबाई, जरा बघा की, काळ्या का पडायल्यात?"

"वाळवल्या कशावर?"

"पत्र्यावर. ऊन चांगलं लागतंय म्हणून."

गंगम्मानं कपाळाला हात लावला. "अगं लेकी, लोखंडाशी हिचं वाकडं हाय. वली साल पत्र्याला लागली की काजळीच. पोतं घाल, उखळ दगडाचं घे, भांडं पितळंचं. लोखंडी डबासुदिक न्हाय चालायचा."

"पण तुमाला हे कशाला पायजे रं?" तिनं भावाला सहज विचारलं.

"राजेश्वरीला घरबसल्या उद्योग, दुसरं काय," महांतप्पा म्हणाला.

पंचमीला चिरू नये, कुटू नये. हा दिवस गंगम्मानं जन्मभर पाळला होता. पण भावाच्या दारात नाही कशी म्हणणार? तिनं पापुद्रा खरवडून दाखवला, कुटून दाखवलं, तुरटीचं माप मुठीनं समजावलं. पोरीबाळी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आणि ही संध्याकाळपर्यंत सालीतच. निघताना भावजयीनं खण दिला. गंगम्मानं तो छातीशी धरून घरी आणला, इतकी ती सुखावली होती.

पुढच्या आठवड्यात ट्रॉली आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर महांतप्पा "बघतो" म्हणायचा. शेवटी ती एसटीनं कारखान्यावर गेली. मागं नवी शेड उभी होती. आत रांगेनं पोती पसरलेली, दगडी उखळ, पितळी पातेली, आणि डोक्याला टोपी घातलेली राजेश्वरी सात-आठ बायांना सांगत होती, "लोखंड लागू देऊ नका."

महांतप्पा तिला बाजूला घेऊन गेला.

"मालकानं ठरवलं अक्का. सोलापूरवाला आता हितूनच नेतोय. आन् साली कारखान्याच्याच हायत ना?"

"हायत की. म्या कुठं माज्या म्हणतेय? पण पंचमीला मला कशापायी नेलंस रं?"

तो चपलेनं माती उकरत राहिला. "तू न्हाय तर दुसऱ्या कुणी शिकवलंच असतं. म्या मालकाला बोलतो, तुला कामावर घ्या म्हणून. राजेश्वरीच्या हाताखाली."

"म्या तुज्यासाठी उपास धरला व्हता, महांता," एवढंच ती म्हणाली.

परक्यानं लुबाडलं असतं तर तिनं गेटवर उभं राहून सात पिढ्यांचा उद्धार केला असता. इथं शिव्या द्यायच्या तर आईबाप एकच. परतीच्या गाडीत तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली. न्यायला आलेल्या मोटारसायकलीवर आपण किती ताठ बसलो होतो!

पंधरा दिवसांनी प्रेमाबाई कुंपणापाशी आली. "माश्या न्हायत तर करमंना बघ," म्हणाली, आणि आमटीची वाटी ठेवून गेली.

मग गंगम्मा मुरुमच्या मोंढ्यात जायला लागली. कांद्याच्या आडतीपुढं टरफलं उडत असायची, हमाल ती झाडून पेटवून द्यायचे. ती पोत्यात भरून आणायची. पितळेच्या पातेल्यात किती उकळायची, तुरटी कधी घालायची, महिनाभर ती एकटीच करून बघत होती. सुतावर तांबूस रंग धरायला लागला. लातूरच्या एका बाईनं नमुना मागवला.

भाऊबीजेला महांतप्पा ओवाळून घ्यायला आला. जुनं काही झालंच नाही अशा थाटात पाटावर बसला. गंगम्मानंही ओवाळलं, भाऊ तो भाऊच. लाडू खाता खाता त्याची नजर पडवीत गेली.

"ही कांद्याची टरफलं कशाला गं अक्का इतकी?"

सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. नवं काही जमलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला जेवण गोड लागायचं नाही. तिनं भावाकडं बघितलं. तो लाडू हातात धरून थांबला होता.

"चुलीला," ती म्हणाली. "झट् पेटतंय."

आणि उठून तिनं पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं.