मुकाट्यानं गाळलेला पूर

"नकाशा छापलाच गेला ना? मग बिघडलं काय?" क्रेगनं चहात बिस्कीट बुडवत विचारलं.

नोलीननं नकाशा त्याच्यासमोर आपटला. "खालच्या गल्ल्या पांढऱ्याशुभ्र आहेत. पुराचा निळा रंग कुठं गेला?"

नगरपालिकेचे पूरनकाशे काढणारा, पायथन भाषेतला संगणक प्रोग्रॅम नोलीनचा. त्यात चित्र काढणारी दोन इंजिनं, हवं ते निवडावं. साधं इंजिन प्रोग्रॅमसोबतच येई. त्याला रस्ते, घरं जमत, पुराच्या निळ्यासारखा पारदर्शक रंग जमत नसे. दुसऱ्या, थोरल्या इंजिनाला सगळं येई, पण ते ज्याला हवं त्यानं वेगळं बसवून घ्यायचं. ते सापडलं नाही तर प्रोग्रॅमनं थांबावं आणि काय बसवायचं ते सांगावं, असं नोलीननं लिहिलं होतं. साहेब झाल्यावर क्रेगला हे उद्धट वाटलं. त्यानं नियम फिरवला: थोरलं नसेल तर मुकाट्यानं साध्यावर भागवा. मग छपाईसाठी नवं मशीन आलं, त्यावर थोरलं बसवायला सगळेच विसरले, आणि प्रोग्रॅमनं अत्यंत सभ्यपणे पूर गाळून टाकला.

"माझ्या मशीनवर दिसतोय की निळा."

"तुझ्या मशीनवर थोरलं आहे. लोकांच्या टपालपेटीत आपण नकाशा टाकलाय, तुझं मशीन नाही."

"लाल अक्षरांत चूक दिसली की माणसं घाबरतात, नोल. पुढच्या आवृत्तीत बघू."

"वर डोंगरात दोन दिवस पाऊस कोसळतोय. नदीला कळवतोस का, पुढच्या आवृत्तीत ये म्हणून?"

"मला विचारल्याशिवाय नियम बदलायचा नाही."

"तू विचारलं होतंस मला?"

तिनं जुना नियम परत घातला, थोरलं बसवलं, नकाशे पुन्हा छापले आणि गठ्ठा गाडीत टाकून खालच्या गल्लीत गेली.

पहिलंच घर मर्व्ह टकरचं, खांबांवर उभं. म्हातारा खांबांमधल्या मोकळ्या जागेत शिवणयंत्राला तेल घालत होता.

"बायकोचं, डोरीनचं," तो म्हणाला. "ती गेल्यापासून वरच होतं. तुमच्या नकाशात इथं पांढरं दिसलं. म्हटलं, आता खाली आणायला हरकत नाही. शेजाऱ्याचा पोरगा मदतीला आला."

"तो नकाशा चुकलाय, मर्व्ह. चूक आमची. पाणी इथं छातीपर्यंत येईल."

"आणि छापताना त्या यंत्राला काही कळलं नाही?"

"कळलं होतं. त्याला गप्प बसायला सांगितलेलं."

तिनं दिलेल्या नव्या नकाशात मर्व्हनं बोटानं आपलं घर शोधलं. "सांगणाऱ्याला इथं घेऊन यायचंस, पोरी. एक बाजू त्यानं धरली असती."

शिवणयंत्र परत वर न्यायला नोलीननं खालची, जड बाजू धरली. अर्ध्या जिन्यात मर्व्हला दम लागला. यंत्र पायरीवर टेकवून तो थांबला, आणि बाहीनं त्याच्या चाकावरचं सांडलेलं तेल हळूहळू पुसत राहिला.