पैलतीराची होडी

कार्तिकातली सकाळ. खाडीवर केशरी, कोवळं ऊन उतरत होतं, जळावरचं धूसर वस्त्र हळूहळू विरत होतं, आणि पैलतीरावरची श्यामल माडांची रांग उजळत होती. त्या पैलतीरावर वेणूचं माहेर होतं.

ओटीवर नरहर वाचत होता. लिहिलेली प्रत्येक कथा आधी बायकोला वाचून दाखवायची, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. वेणू बिरडं सोलत ऐकायची. मोड आलेले ओले वाल, आणि चिमटीतून निसटणारी सालं.

कथेतला नवरा करुणार्द्र होता, मृदुभाषी होता. सासू अंथरुणाला खिळल्याचा निरोप येताच हातातलं काम टाकून, बायकोला होडीत बसवून, धुक्यातून स्वतः वल्ही मारत तो तिला माहेरी घेऊन गेला. वाचता वाचता नरहरला डोळे टिपावे लागले. स्वतःच्याच शब्दांनी बरं का.

वेणूची बोटं थांबली. "चांगला आहे हो हा," ती म्हणाली. "कुठं राहतो?"

बारा वर्षांपूर्वी वेणूच्या आईबद्दल असाच निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी नरहरच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. "परवा जाऊ, म्हातारी कुठं पळून जातेय?" असं तो म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी होडी पलीकडे लागली, तेव्हा चिता विझलेली होती.

रोज पहाटे जपाला बसणारा, पानापानांतून जगाला करुणा वाटणारा हा माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय? माळेच्या मण्यांनी जे कधी दाखवलं नाही, ते आज त्याच्याच शाईनं दाखवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

पण तो उठला नाही. शेवटचं पान त्यानं फाडलं आणि तिथंच नवं लिहिलं. मग वाचलं: "होडी दारातच होती. त्या दिवशी वल्ही कोरडी राहिली. नवऱ्यानं तिला नेलं नाही. आणि त्याची लाज वाटायला त्याला बारा वर्षं लागली."

वेणू पैलतीराकडे बघत राहिली. मग तिनं वालांची परात दोघांच्या मधे सरकवली.

शाईच्या बोटांनी नरहर सोलू लागला. पहिला दाणा निसटला, दुसराही निसटला. खाडीला भरती लागली होती. पाणी चढत होतं, बांधलेल्या होडीला उचलत होतं, आणि परातीत एकेक दाणा पडत होता, ओला, उघडा.