अंगठ्याची जागा

दोघा भावांचं बोलणं बंद झालं ते एका वाक्यावरून. थोरला वर्तमानपत्रात फोटोग्राफर, धाकट्याचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान. थोरल्याच्या मुलीच्या लग्नात चार पाहुण्यांसमोर थोरला हसत हसत म्हणाला, "आमच्या बंधुराजांचं काय, नुसता पेचकस फिरवायचा!" सगळे हसले. धाकट्याला मात्र ते असं झोंबलं की त्याने भावाच्या घराची पायरी चढणंच सोडलं. थोरल्यानेही पुढे कधी आपला कॅमेरा त्याच्याकडे पाठवला नाही. गावभरचे कॅमेरे धाकट्याच्या टेबलावर येत, तेवढा सख्ख्या भावाचा सोडून. याहून उघड अपमान तो कोणता?

"एक फोन केलात तर अंगाला भोकं नाही पडणार," बायको म्हणायची. पण धाकटा अडून बसला तो बसलाच. थोरला आजारी पडल्याचं कळलं, तेव्हाही उद्या जाऊ, परवा जाऊ असं चाललं होतं. मग एका सकाळी तो गेल्याचाच निरोप आला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला.

"भाऊजी, कपाटात राहून हिरवा कळंक चढलाय त्याला. जरा पुसून द्या, एवढंच."

त्या गेल्यावर धाकट्याने कॅमेरा दिव्याखाली धरला. हेळसांड म्हणावी तरी किती! वरचं पत्र्याचं झाकण एका कोपऱ्यात चेपलेलं. कडांचा काळा रंग उडून खालचं पितळ पिवळंधमक उघडं पडलेलं. मागच्या बाजूला, उजवा अंगठा टेकतो तिथे तर रंगाचा मागमूस नव्हता. पितळ घासून घासून गुळगुळीत, किंचित खोलगट झालं होतं. फटींमधून हिरवा कळंक.

"दादा," तो पुटपुटला, "आता बघ पेचकस काय करतो ते."

लेन्स उतरवून त्याने बाजूला ठेवली. स्क्रू बशीत काढून घेतले, झाकण सुटं केलं, जुनं कातडं स्पिरिटने ओलं करत हलक्या हाताने सोडवलं. दात घासायच्या जुन्या ब्रशने कळंक काढला. वहिनींनी सांगितलेलं काम खरं तर इथेच संपलं होतं. पण हात थांबेनात. त्याने आतून लाकडाची गुल्ली लावून टिचक्या मारत चेपलेला कोपरा उचलला. उरलासुरला रंग खरवडला. मग पॉलिश पेपर घेऊन सगळं पितळ एकसारखं केलं. अंगठ्याच्या त्या खळग्यापाशी मात्र तो क्षणभर अडखळला. त्याने स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला. बरोब्बर बसला, भाऊच ना शेवटी. पण लगेच मनात आलं, हे असंच ठेवलं तर लोक म्हणतील काम अर्धवट सोडलं. त्याने खळगा भरला, घासला, सपाट केला. वर काळ्या रंगाचे पातळ हात मारले, बल्बच्या उबेत वाळवले, कोरलेल्या आकड्यांत सुईच्या टोकाने पांढरा रंग भरला.

कॅमेरा असा दिसू लागला, जणू आत्ताच खोक्यातून काढलाय.

वहिनी आल्या, तेव्हा त्याने तो फडक्यावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी हातात घेतला, उलटा केला. त्यांचा अंगठा मागच्या बाजूला काहीतरी शोधत राहिला.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. मग झाकणावरून बोट फिरवत, "कोपरा चेपला होता, तो?"

"सरळ केला."

"बरं केलंत. आमची पोरगी पहिल्यांदा उभी राहिली आणि पडायला लागली, तेव्हा तिला झेलायला ह्यांनी हातातला कॅमेरा सोडून दिला होता. तेव्हाचा तो." त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. "शेवटी शेवटी हात फार थरथरायचा हो. कॅमेरा मांडीवर घ्यायचे. त्या जागेवर अंगठा ठेवला की हात थांबायचा."

धाकट्याची मान वर होईना. "वहिनी, मी रंग काढून देतो परत."

"नको. तुम्ही काढाल, पण ते ह्यांचं थोडंच होणार?"

कॅमेरा पिशवीत ठेवता ठेवता त्या थांबल्या. "तुमच्याकडे दुरुस्तीला का देत नव्हते, माहितीये? मी कितीदा म्हटलं, त्या निमित्ताने तरी बोलाल. तर म्हणायचे, धाकट्याचे हात सोन्याचे आहेत, पण वेड्याला थांबायचं कळत नाही. त्याच्याकडे दिला तर नवा करून टाकेल, मग मी काय वापरू?"

"असं म्हणायचा दादा?"

"नेहमी. येईल त्याला सांगायचे. तुम्हाला वाटलं तरी काय होतं?"

त्याने काउंटरवरचा पेचकस उचलून खणात टाकला. वहिनी पायऱ्या उतरून गेल्या. पोटाशी धरलेली पिशवी त्या मोठ्या काळजीने सांभाळत होत्या, आणि तेच त्याला बघवलं नाही.

घरी जेवताना तो बायकोला म्हणाला, "दादा म्हणायचा, माझे हात सोन्याचे आहेत."

"मग?" ती म्हणाली. "मी कधीपासून सांगत होते, फोन करा म्हणून."

त्याने हातातला घास खाली ठेवला. ताट तसंच पुढे ठेवून बसून राहिला. बायकोने मग, आणखी काही वाढू का, असं विचारलं नाही.