दात माझे, केस पौर्णिमेचे

मी कंगवा आहे आणि आज मला चार शब्द बोलायचे आहेत. दात दिसतात म्हणून दचकू नका, मी आजवर कुणाला चावलेलो नाही. उलट माझ्याच दातांत लोकांनी काय काय अडकवून ठेवलं ते सांगत बसलो, तर तुम्ही हातातला घास ठेवून उठाल.

मी शिसवी लाकडाचा. जन्म नेमका कोणत्या गावचा ते ठाऊक नाही. एक म्हातारे कारागीर करवतीनं माझे दात पाडत होते, तेवढं आठवतं. अर्धे दात विरळ ठेवले, अर्धे दाट. मग त्यांनी मला काचपेपरनं घासलं, तेलात बुडवलं आणि आपल्याच पांढऱ्या दाढीवरून एकदा फिरवून पाहिलं. "झाला," म्हणाले. एवढाच माझ्या बारशाचा सोहळा.

पुढं मी जाम गावच्या चौरस्त्यावर एका दुकानात लाटण्यांच्या आणि पोळपाटांच्या शेजारी टांगला गेलो. गाड्या चहासाठी थांबायच्या, लोक उतरायचे, मला उचलून स्वतःच्या डोक्यावरून फिरवायचे आणि परत टांगून निघून जायचे. फुकटची सेवा मी तिथंच शिकलो. एक दिवस सुलोचनाबाई उतरल्या. त्यांनी मला डोक्याला न लावता आधी पदरानं पुसलं. मी तेव्हाच मनानं त्यांचा झालो.

असा मी वर्ध्याला, नालवाडीत आलो. घरात चार माणसं आणि मी एकटा. सुलोचनाबाईंचे यजमान प्रेमदासभाऊ कारकुनी करून निवृत्त झालेले. मुलगा विवेक मोबाइलच्या दुकानात कामाला. मुलगी पौर्णिमा वडनेरच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. आरशाखालच्या फळीवर माझी जागा. चारही डोकी माझ्यावरच अवलंबून.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. विवेक केसांना जेल फासून उभे करायचा आणि मग मी त्याच्या डोक्यातला कोंडा पुढच्या माणसाकडे पोचवायचो. टपालखात्याचं काम म्हणा ना. सुलोचनाबाई तेल चोपडून इतका करकचून अंबाडा बांधायच्या की त्यांच्या भुवया वर जायच्या आणि दिवसभर त्या आश्चर्यचकित दिसायच्या.

माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे प्रेमदासभाऊ. डोक्यावर मधोमध काही नव्हतं. पण डाव्या कानावर केसांची एक पट्टी त्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवली होती. ती ओली करून माझ्या बारीक दातांनी ते या काठापासून त्या काठापर्यंत न्यायचे, नाल्यावर फळी टाकावी तशी. मग मान तिरपी करून आरशात बघायचे. वारा आला की फळी उचलली जायची. म्हणून ते पंख्याखाली बसत नसत, आणि स्कूटरवर सिग्नलला थांबले की हेल्मेट काढायचे नाहीत. सुलोचनाबाईंनी एकदा म्हटलं होतं, "त्या चार केसाईले जेवढं जपता, तेवढं गुडघ्याईले जपलं असतं त आज जिना चढले असते." त्यावर भाऊंनी मला जरा जोरातच फळीवर आपटलं होतं.

आणि पौर्णिमेचे केस? काय सांगू! कमरेपर्यंत, दाट, काळेभोर. ती विंचरायला बसली की माझा जीव थकायचा, पण मन भरायचं. सकाळी तिला वडनेरला जायला हिंगणघाटची गाडी गाठायची घाई. ओल्या केसांतूनच मला वरून खाली ओढायची. मी कुरकुरायचो, केस तुटायचे. ती चहाचा कप तोंडाला लावायची आणि पळायची. पोटात दुसरं काही नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला डेंग्यू झाला. फार अशक्त झाली. बरी होऊन परत शाळेत जायला लागली आणि घरानं सुटकेचा निःश्वास सोडला. थंडी पडली तसे केस गळायला लागले. पहिल्यांदा माझ्या दातांत गुंता आला, मग मूठभर, मग रोजच. एके दिवशी तिनं तो गुंता हातात घेतला आणि तशीच खाली बसली.

"आई, पाह्य ना व," एवढंच म्हणाली.

आता अशा वेळी माणसं काय करतात? ज्याला त्याला विचारतात. आणि केसांच्या बाबतीत असं आहे, की ज्याला विचाराल त्याला औषध ठाऊक असतं. ज्याच्या डोक्यावर काहीच नसतं, त्याला तर दोन ठाऊक असतात.

शेजारच्या अनुसयाबाईंनी कांद्याचा रस सांगितला. घरभर असा वास, की विवेक दुकानातच जेवायला लागला. मग कुणी अंडं सांगितलं. अंडं फेटून डोक्याला चोपडलं, इथपर्यंत ठीक. पण थंडीचे दिवस म्हणून सुलोचनाबाईंनी मायेनं चांगलं कडक पाणी ओतलं आणि अंडं केसांतच शिजलं! ते पांढरे तुकडे दुपारभर मी वेचत होतो.

विवेक दारातून म्हणाला, "आई, डोक्यावर भुर्जी केली काय तू?"

सगळे हसले. पौर्णिमा हसली नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. विवेकचा चेहरा पडला. मग त्यानं चूक भरून काढायला बहिणीसाठी फोनवरून एक तेल मागवलं. त्या तेलाच्या जाहिरातीत एक बाई केस झटकायची आणि महिन्याभरात डोक्यावर जंगल उगवेल म्हणून सांगायची. बाटली उघडली तर मिरचीचा डबा उघडल्यासारखं झालं. पौर्णिमेनं ते मुळांना चोळलं. संध्याकाळपर्यंत डोकं लालभडक, बारीक फोड, आणि पापण्या सुजलेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रेमदासभाऊ तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर इलाताईंच्या खोलीत शिरण्यापूर्वी तिला ठीकठाक दिसायचं होतं, म्हणून मीही पर्समध्ये होतो.

डॉक्टरांनी डोकं नीट पाहिलं. फोडांसाठी मलम लिहून दिलं आणि म्हणाल्या, "आजपासून कांदा, अंडं, तेल, सगळं बंद. अंडं खा, डोक्याला लावू नका. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस असे भराभर गळतात. तुमची मुळं शाबूत आहेत. केस परत येतील, पण काही महिने लागतील. सकाळी काय खाऊन निघता?"

"चहा," पौर्णिमा म्हणाली.

"चहावर केस उगवत असते, तर आपल्या जिल्ह्यात टक्कल दिसलंच नसतं. रक्त तपासून घेऊ. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, अंडी, पोटभर जेवा. केस ओले असताना ओढू नका, करकचून बांधू नका. डोकं मळलं की साध्या शाम्पूनं धुवा. गुंता सोडवायचा तर टोकाकडून सुरू करायचा." मग त्यांनी मला पौर्णिमेच्या हातातून घेतलं. "हा कोण कोण वापरतं?"

"सगळेच."

"आणि धुता कधी?"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. अहाहा! माझ्या वतीनं हा प्रश्न कुणीतरी विचारला, म्हणून त्या बाईंच्या हाताला मी मनातल्या मनात मुजरा केला.

"प्रत्येकाचा कंगवा वेगळा ठेवा," त्या म्हणाल्या.

निघताना प्रेमदासभाऊ दाराशी रेंगाळले. हळूच म्हणाले, "डॉक्टर, माह्यासाठी काही?" नेमके तेव्हा ते पंख्याखाली उभे होते. केसांची ती फळी उचलली गेली आणि कानाशेजारी लोंबू लागली.

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "काका, तुमचं हे घराण्याचं आहे. या वयात औषधानं फार फरक पडायचा नाही. बारीक कापून टाका, छान दिसाल."

भाऊंनी पट्टी हातानं परत जागेवर बसवली आणि ते बाहेर पडले.

फोड सुकले, तसं पौर्णिमेचं मनही सुकलं होतं. तपासणीत रक्त कमी निघालं होतं, त्याच्या गोळ्या ती घेत होती. पण खोलीबाहेर पडत नव्हती. शाळेतल्या कुणीतरी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "बाप्पा, मॅडम, मधातून डोकं दिसून राह्यलं तुमचं." ते तिच्या मनात रुतून बसलं होतं. रजा वाढवत गेली. शेवटी हेडमास्तरांचा फोन आला. सोमवारी आला नाहीत तर वर्गावर दुसरं कोणी नेमावं लागेल, असं ते म्हणाले. त्या नोकरीसाठी पोरीनं किती परीक्षा दिल्या होत्या, ते घराला माहीत होतं.

"मी नाई जात," ती म्हणाली. "केसं आल्यावर पाहीन."

सुलोचनाबाई रडायला लागल्या. प्रेमदासभाऊ तेव्हा आरशासमोर होते, मी त्यांच्या हातात. ते वळून म्हणाले, "अव, लोकाईचं काय घेऊन बसली? लोकं काय केसं पाहतात? तू शिकवतं कसं ते पाहतात."

"मंग तुमी काऊन रोज आरशापुढं उभे राहता, बाबा?"

  भाऊंनी मला फळीवर अलगद ठेवलं आणि चपला घालून बाहेर गेले. पौर्णिमेला लगेच वाईट वाटलं. ती दारापर्यंत गेली, पण ते स्कूटरवरून निघूनही गेले होते. हेल्मेट न घालता! वाऱ्यावर त्यांची ती पट्टी झेंड्यासारखी फडफडताना तिनं पाहिली.

ते परतले तेव्हा आधी कुणी ओळखलंच नाही. डोकं साफ, चकाकतं. कानांना एकदम जागा झाल्यासारखी वाटत होती. सुलोचनाबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"काय झालं? शिबिराले चालले काय?" त्यांनी विचारलं. काही दिवस भिक्खूसारखं राहायच्या श्रामणेर शिबिराला जाणारे लोक असं मुंडण करतात, आणि त्या शिबिराला चला म्हटलं की भाऊ दर वर्षी काहीतरी कारण काढायचे. कारण काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

"कुठंई नाई चाललो," भाऊ म्हणाले. सवयीनं आरशापुढं आले, सवयीनं मला उचललं, डाव्या कानाजवळ नेलं. हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं, की आता आपलं एकमेकांशी काही काम उरलेलं नाही.

पौर्णिमा मागं उभी होती. आधी तिनं तोंडावर हात धरला. मग ती हसली. किती दिवसांनी! हसता हसता रडली आणि बापाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "गार लागते का ओ, बाबा?"

"लागते थोडं," भाऊ म्हणाले. "पण हलकं वाटते. सोमवारी मी येतो तुह्यासंग स्टँडपर्यंत. तुह्याकडे कोणी पाहणारच नाई. मी आहो ना बाजूले."

आणि झालंही तसंच. पौर्णिमेनं केस खांद्यापर्यंत कापून घेतले, पोटभर भाकर-भाजी खाल्ली, डबा घेतला आणि निघाली. मी उघड्या पर्समध्ये होतो, म्हणून सगळं पाहिलं-ऐकलं. रस्त्यात जो तो थांबवायचा. "जय भीम, प्रेमदासभाऊ! हे काय केलं?" "काऊन भाऊ, उन्हाळ्याची तयारी काय?" भाऊ प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होते आणि पौर्णिमेकडे खरंच कुणाचं लक्ष नव्हतं. ज्यानं वीस वर्षं पंखा टाळला, तो माणूस भर चौकात डोकं उन्हात तळपवत उभा होता. बस हलली तेव्हा ती खिडकीतून बराच वेळ मागं बघत होती.

शाळेत पहिले दोन दिवस तिला जड गेले. एका बाईंनी विचारलंच, "केसं काऊन कापले?" ती म्हणाली, "गळत होते. येतील." बस, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. पण त्या बाईंनी लगेच स्वतःच्या केसांची रडगाथा सुरू केली आणि मधली सुट्टी संपली.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी माझ्या दातांना काहीतरी नवीन लागलं. कपाळाच्या कडेला छोटे छोटे केस, पेरणीनंतरच्या कोंबांसारखे. मी आनंदानं ओरडलोच, पण मला आवाज कुठला? पौर्णिमेला दिसायला आठवडा लागला. आणि दिसल्यावर ती काय म्हणाली असेल? "आई व, हे केसं दबतच नाईत! कसे उभे राहतात पाह्य!" घ्या. नव्हते तेव्हा रडत होती, आले तर तक्रार. माणसांचं हे असंच.

आता विवेकचा कंगवा वेगळा, सुलोचनाबाईंचा वेगळा. मी फक्त पौर्णिमेचा. माझा एक दात त्या अंड्याच्या दिवशी गेला, बाकीचे शाबूत आहेत. रविवारी मला साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवतात. लाकडाचा असल्यानं भिजत ठेवत नाहीत. पूर्वी मी घरभराचा कोंडा वाहणारा हमाल होतो, आता जरा इभ्रतीनं राहतो.

तुमच्याही घरात माझा कुणी भाऊबंद असेलच. त्याच्याकडे एकदा बघा, उजेडात धरून बघा. लाज वाटली तर धुवा. केसांना ओल्यात ओढू नका, आपला दुसऱ्याला देऊ नका, आणि फोनवर केस झटकणाऱ्या बाईवर विश्वास ठेवण्यापूर्वी सकाळी काहीतरी खा. केस गळताहेत म्हणून कुणी दार लावून बसलं असेल, तर त्याला नुस्खा सांगू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि स्टँडपर्यंत सोबत जा.

पौर्णिमेनं वडनेरलाच खोली घेतली आहे, आज ती तिकडं राहायला निघाली. सुलोचनाबाईंनी मला स्वच्छ रुमालात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं. "दुसऱ्याचा कंगवा नोको वापरजो," त्यांनी बजावलं. चेन लागण्याआधी फटीतून मी शेवटचं पाहिलं. प्रेमदासभाऊ आरशासमोर होते. त्यांनी तळहातावर थेंबभर तेल घेतलं, डोक्यावरून फिरवलं, टॉवेलनं पुसलं आणि शीळ घालत पंख्याखाली जाऊन बसले.

माझ्यावाचून त्यांचं उत्तम चाललं आहे. कंगव्याला याहून मोठा अपमान नाही, पण खरं सांगू? मला फार बरं वाटलं.